गावच्या ओपन जिमचा अभिप्राय: ग्रीस आहे तोवर चांगली

पाचपैकी साडेतीन तारे देतोय. एक तारा ग्रीसपायी कापलाय, अर्धा सावलीपायी.

जिम औसा तालुक्यातल्या आमच्या गावात, ग्रामपंचायतीच्या मागच्या मोकळ्या जागेत आहे. भूकंपानंतर, म्हणजे 30 सप्टेंबर 1993 नंतर, नव्या जागेवर वसवलेलं गाव आहे आमचं. जुन्या गावात दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीला मागं सरावं लागायचं. इथं रस्ते एवढे रुंद आहेत की एसटी एका दमात वळते. मैदानाची जागा आखलेली होती, ती कैक वर्षं बाभळी आणि गाजरगवतानं वापरली. मग निधी आला, लाल-पिवळ्या रंगाची यंत्रं आली, नारळ फुटला. फलकावर उद्घाटन करणाऱ्यांची नावं लांबून वाचता येतात. यंत्र कसं वापरायचं ते वाचायला मला चष्मा लावावा लागतो.

मी आयुष्यभर बस चालवली. 58 व्या वर्षी निवृत्त झालो. ड्रायव्हरच्या बसण्यानं कमरेचं काय होतं आणि मुक्कामी गाडीच्या अवेळी जेवणानं साखरेचं काय होतं, ते ज्याला झालंय त्याला सांगायला नको. म्हणून हा अभिप्राय दोन माणसांचा समजा: एक साखर असलेला म्हातारा आणि एक डेपोत उभं राहून चाकाचा हब उघडताना बघितलेला ड्रायव्हर. दोघांचं मत दर वेळी जुळतंच असं नाही.

आधी एक प्रश्न निकालात काढतो. गावातली निम्मी माणसं विचारतात, "शेतात राबणाऱ्याला जिम कशाला?" बरोबर आहे, पण राबतंय कोण आता? सोयाबीन मशीननं निघतं, पेरणी ट्रॅक्टरनं होते, आणि शेतावर जायला पोरं मोटारसायकल काढतात. नव्या गावापासून शिवार लांब पडलं म्हणून मोटारसायकल आली, आणि पायी चालणं गेलं. अंगमेहनतीचं जे काम उरलंय ते बायांच्या वाट्याला: खुरपणी, वेचणी, आणि माघ-फाल्गुनात जवारी काढणं. जवारी मुळासकट उपटायची म्हणजे दिवसभर वाकून एकाच बाजूला हिसका. त्या कामानं घाम येतो, पण कंबर आणि खांदा एकाच दिशेनं झिजतो. काम आणि व्यायाम यात मला कळलेला फरक एवढाच: काम शेताला पाहिजे तसं वाकवतं, आणि व्यायामात आपल्याला पाहिजे तसं वाकता येतं.

आणि वसंत ऋतू आमच्याकडं शरीराला सगळ्यात घातक. ऐकायला उलटं वाटेल. पण बघा, जवारी, हरभरा, गहू घरात आला की मृग निघेपर्यंत कोरडवाहू माणसाला काम कमी. पाडव्याला सालगड्यांची सालं बदलतात, नवे सौदे होतात, मालक मोकळे होतात. त्याच सुमारास लगीनसराई. एका दिवसात तीन पंगती, तिन्हीकडं बुंदी, आणि "पाव्हणं, अजून एक घ्या" म्हणणारे वाढपी. हात रिकामे आणि पोट भरलेलं, अशात उपकेंद्रात साखर तपासली की ताई आकडा बघून आधी तोंडाकडं बघतात. जिमचा खरा उपयोग या महिन्यांत आहे, आणि जिमची खरी अडचणही याच महिन्यांत आहे. ती उन्हाची.

आता यंत्रं.

एअर वॉकरवर सगळ्यात जास्त गर्दी. दोन पट्ट्यांवर उभं राहून पाय पुढं-मागं सोडायचे. लोकांना वाटतं लई व्यायाम झाला. झोका एकदा सुरू झाला की जोर तोच लावतो, आपण नुसते उभे. तरी गुडघ्याला दणका न बसता खुबे मोकळे होतात, म्हणून सुरुवातीला पाच-सात मिनिटं ठीक. पाय फार लांब फेकायचे नाहीत आणि दांडी सोडायची नाही. झोका पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं तर नाहीच नाही. संध्याकाळी लहान पोरं एका पट्टीवर दोघं-दोघं चढतात. त्या पोरांना रागवून उपयोग नाही, गावात दुसरा पाळणा नाही. पण त्यामुळं या यंत्राचं बेअरिंग सगळ्यात आधी जातं.

हे ओळखायचं कसं ते सांगतो, कारण कुणीच सांगत नाही. "कर्रर्र" असा आवाज आला तर ग्रीस संपलंय. दहा मिनिटांचं काम. "खड् खड्" असा आवाज आला आणि पट्टी हातानं आडवी हलवली तर हलते, म्हणजे बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. आता ग्रीस ओतून काही होणार नाही, बेअरिंगच बदलायचं. कर्रर्रकडं दुर्लक्ष केलं की खड् खड् होतं. आमच्याकडं तेच झालं. यंत्रं बसवून देणारे परत फिरकले नाहीत, आणि देखभाल कुणी करायची हे कागदावर असेल तर तो कागद मला दिसलेला नाही.

त्यात फाल्गुन. मळणीयंत्रं चालू, हरभऱ्याचा भुसा आणि तुरीची गुळी हवेत. ती धूळ जुन्या ग्रीसला चिकटते आणि आतून बेअरिंग घासत राहते. म्हणून या दिवसांत नुसतं वरून ग्रीस मारू नका. आधी जुनं काळं ग्रीस फडक्यानं आणि थोड्या डिझेलनं पुसा, मग नवं भरा. दमा असलेल्यांना हीच धूळ नडते. शेजारच्या रानात मशीन चालू असेल त्या दिवशी त्यांनी जिमवर न आलेलंच बरं. घरात भिंतीला हात टेकून बैठका मारल्या तरी चालतं.

लेग प्रेस हे माझ्या मते सगळ्यात कामाचं यंत्र, आणि इथं गर्दी नसते. खुर्चीवर बसून पायानं समोरची पट्टी ढकलायची, आपण खुर्चीसकट मागं जातो. वजन आपलंच असतं, म्हणून जाड्या माणसाला जास्त जोर लागतो आणि बारक्याला कमी. वजन वाढवायची सोय नाही, म्हणून तरण्या पोरांना यात मजा नाही. पण साखरवाल्यांनी हे सोडू नये. मांड्या म्हणजे शरीरातले मोठे स्नायू. ते चालले की रक्तातली साखर ओढून घेतात. गुडघे पूर्ण ताठ करून कडक लॉक करायचे नाहीत, थोडं वाकलेलं ठेवायचं. खुर्ची सावकाश परत आणायची. सोडून दिली की खुर्ची आपटते आणि दणका थेट माकडहाडाला बसतो.

खांद्याचं चाक. आयुष्यभर पॉवर स्टेअरिंग नसलेल्या गाड्यांचं चाक ओढलं आणि निवृत्त होऊन परत चाकच हातात आलं, म्हणून घरी माझी चेष्टा झाली. पण साखर असलेल्यांचा खांदा आखडतो, हे डॉक्टरही सांगतात. हात वर जात नाही, सदरा घालता येत नाही. त्याला हे चाक चांगलं. मोठा गोल, हळू, दोन्ही दिशांनी. दुखतंय तिथपर्यंत न्यायचं, दुखण्याच्या पुढं रेटायचं नाही. या चाकाला आमच्याकडं अजून एकदाही काही झालेलं नाही.

कंबर फिरवायची गोल तबकडी, तिला इथं सगळे ट्विस्टर म्हणतात. कमरेचा मणका ज्यांचा दुखतो, पायात मुंग्या येतात, त्यांनी यावर चढू नये. मी चढत नाही. पोट कमी होतं ही समजूत आहे. पोट एका जागेचं कमी होत नाही, आणि तबकडीवर फिरून तर नाहीच. नातवंडांसाठी झकास.

छातीचं यंत्र बरं आहे. सायकलीचं एक पॅडल गेलंय. दुसऱ्या पॅडलनं एक गृहस्थ रोज मोबाईल बघत सायकल चालवतात, त्यांचं कौतुक.

राहिले डबल बार आणि पुल-अपचा दांडा. त्यात हलणारा एकही भाग नाही, म्हणून ते आम्हा सगळ्यांना पुरून उरणार. आणि तिथं भरतीची पोरं असतात. पहाटे ती आधी रस्त्यावर पळतात. पोलीस भरतीत पोरांना 1600 मीटर, पोरींना 800, शिवाय दोघांनाही 100 मीटर आणि गोळाफेक. किल्लारीच्या रस्त्यावर त्यांनी चुन्यानं खुणा केल्यात. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य घेतलं, तेव्हापासून त्यांच्या बोलण्यात तोच. आमच्या पिढीचं नाव वेगळं होतं: निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, 1970 च्या एडिनबर्ग राष्ट्रकुल स्पर्धेचे सुवर्णपदकवाले पैलवान. जुन्या गावात तालीम होती, लाल मातीची. नव्या गावाच्या नकाशात समाजमंदिर आलं, बालवाडी आली, तालीम नाही आली. चैत्रातल्या यात्रेला कुस्त्यांचा फड होतो, पण त्यात आमच्या गावचे मल्ल शोधावे लागतात. मला विचाराल तर यंत्रांच्या निम्म्या पैशात मातीचा आखाडा आणि वर पत्र्याची शेड झाली असती, आणि तिला ग्रीस लागलं नसतं. अर्थात मी तिथं काय केलं असतं, हाही प्रश्न आहेच. माझ्या वयाच्या माणसाला लेग प्रेसच बरी.

बायांचं थोडं सविस्तर लिहितो, कारण फलकावर "सर्वांसाठी" लिहिलंय. सुरुवातीला एकही बाई येत नव्हती. संध्याकाळी यंत्रांच्या खुर्च्यांवर पुरुष बसून तंबाखू मळणार, समोरून बाई कशी जाणार आणि लेग प्रेसवर कशी बसणार? आमच्या मंडळींना मी म्हणलं, चल. त्या म्हणाल्या, "मी दिवसभर खुरपं धरते ते कमी पडलं का? आन् लोकं काय म्हणतील?" पुढं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी रेटा लावला. आधी पाच-सहा जणी मिळून पहाटे रस्त्यानं चालायला लागल्या. रुंद रस्त्याचा हा एक फायदा, सहा जणी एका ओळीत बोलत चालू शकतात. मग उजाडायच्या आधी जिमवर. आता असं ठरलंय की पहाटे साडेपाच ते सव्वासहा ही वेळ बायांची, पुरुषांनी तोवर रस्त्यानं चालून यावं. लेखी नियम नाही, पण पाळला जातो. कारण तेवढ्या पहाटे तंबाखू मळणारे उठतच नाहीत.

लुगड्यावर ट्विस्टर धोक्याचं, पदर आणि निऱ्या खाली अडकतात. एअर वॉकरवर साडी थोडी वर खोचून चालतं. खांद्याचं चाक सगळ्यांना जमतं. मंडळींचा खांदा जवारी काढून धरला होता, त्यांनी चाकच धरलं. फरक पडला का विचारलं तर म्हणाल्या, "वरच्या फळीवरचा डबा निघतो आता." डॉक्टरच्या कागदापेक्षा मला हे जास्त पटलं. एक मागणी त्यांच्याकडून: खांबावरचा सौरदिवा पहाटेपर्यंत टिकत नाही, पाच वाजता विझलेला असतो. नेमका लागतो तेव्हाच नाही.

आता ऊन. महाशिवरात्र ते होळी हा इथला सगळ्यात चांगला काळ, पहाटे अंगावर टॉवेल घ्यावासा वाटतो आणि आठपर्यंत आरामात थांबता येतं. पाडवा झाला की गणित बदलतं. सकाळी नऊनंतर लोखंडी खुर्चीवर बसवत नाही, दांड्याला हात लागत नाही. संध्याकाळी सूर्य गेला तरी लोखंड आणि फरशी तापलेलीच असते, सातच्या आधी येऊ नका. एकाही यंत्रावर सावली नाही. कडुलिंबाची रोपं लावलीत, ती माझ्या नातवाला सावली देतील. अर्धा तारा यासाठीच कापला. बसवतानाच जागा पंधरा पावलं पश्चिमेला घेतली असती तर जुनी चिंच कामी आली असती.

पाण्याचं कुणी लिहीत नाही, मी लिहितो. व्यायाम केला की घाम येतो, घाम आला की अंघोळ लागते, आणि चैत्रात बोअरचं पाणी खाली गेलेलं असतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तो उन्हाळा ज्यानं काढलाय तो घागर मोजूनच वापरतो. नळ ज्या दिवशी येणार नसेल त्या दिवशी घाम निघेल असं काही करायला माणूस कचरतो, हे शहरातल्या जिमवाल्याला कळणार नाही. अशा दिवशी मी नुसता सावकाश चालतो आणि चाक फिरवतो. जिमवर पिण्याच्या पाण्याची सोय नाही, बाटली घरून आणा. व्यायामानंतर मीठ-जिरं घातलेलं ताक उत्तम. कैरी आली की पन्हं, पण साखरवाल्यांनी गूळ घालूनही ते गोडच असतं हे लक्षात ठेवावं. "गुळानं काही होत नाही" म्हणणारे पाव्हणे दर पंगतीला भेटतात.

तसंच पाडव्याच्या कडुलिंबाचं. मोहोर, गूळ, ओवा, हरभऱ्याची डाळ, आम्ही घरात सगळे खातो. पण त्या दिवसापासून रोज पाल्याचा रस सुरू करून साखरेची गोळी बंद करणारे गावात आहेत. तसं करू नका. गोळी कमी करायची तर उपकेंद्रात साखर-बीपी तपासून डॉक्टरला विचारून. आणि गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी जोरात व्यायाम करायचा नाही. हातपाय थरथरायला लागले, घाम फुटला, डोळ्यापुढं अंधारी आली तर थांबायचं आणि लगेच साखर तोंडात. माझ्या खिशात खडीसाखरेची पुडी असते. छातीत दाब वाटला तर मात्र खडीसाखर नाही, गाडी काढायची आणि दवाखाना.

किती करायचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम चाल सांगते, आणि दोन दिवस स्नायूंना जोर. म्हणजे पाच दिवस अर्धा तास रस्ता आणि दोन दिवस लेग प्रेस-छातीचं यंत्र. आमच्या गावात रस्त्याला पैसे पडत नाहीत आणि यंत्रांनाही नाही. पंगतीनंतर लगेच बाजेवर आडवं न होता पंधरा मिनिटं मांडवाभोवती फिरलात तरी साखर कमी चढते. लोक विचारतात, कुणाला शोधताय? सांगायचं, चप्पल शोधतोय.

रात्री तीन फेजची लाईन असते त्या आठवड्यात शेताला पाणी देऊन आलेल्यांनी पहाटे जिमवर येऊ नये. झोप घ्यावी. दांड्यावर डुलकी लागलेला माणूस मी बघितलाय.

जाता जाता, गावातल्याच लोकांसाठी. एअर वॉकरचं डावं बेअरिंग गेलेलं आहे, उजवीकडचं वापरा. मी खोलून बघितलं, नंबर 6204, दोन्ही बाजूंनी सील असलेलं घ्या, उघडं घेऊ नका, धुळीत टिकणार नाही. लातूरला कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. खांबाच्या मागच्या बाजूला पिवळ्या रंगानं नंबर लिहून ठेवलाय. जो जाईल त्यानं दोन आणावीत, उजवंही फार दिवस चालणार नाही. पाने आणि ग्रीसगन माझ्याकडं आहे. दुपारी दोन ते चार सोडून कधीही हाक मारा.